टाकीत दोन लिटर

“एक लिटर चोख पेट्रोल विकता येत नाही यांना? लोकांची इंजिनं जाळून यांना झोप कशी लागते?”

शार्दूलने पिस्टन टेबलावर आपटला. पिस्टनच्या माथ्याला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. भोकाच्या कडा वितळून ओघळल्या होत्या.

दस्तगीर उस्तादांनी पिस्टन उचलला, उजेडाकडे धरला आणि भोकातून शार्दूलकडे पाहिलं.

“कितवा?”

“दुसरा. एका महिन्यात.”

उस्तादांनी पिस्टन परत टेबलावर ठेवला.

शिरोलीच्या रस्त्यावरच्या या गॅरेजात शार्दूल दोन वर्षं येत होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. भंगारातून आणलेल्या एका छोट्या जुन्या गाडीला त्याने स्वतःच्या हातांनी टर्बो बसवला होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा वाढली की त्या मापात पेट्रोलही वाढवावं लागतं. पेट्रोल कमी पडलं तर आतली आग बेताबाहेर तापते आणि पिस्टन वितळतो. हे सगळं शार्दूलला पाठ होतं. कुठल्या वेगाला किती पेट्रोल, याचं गणित त्याने लॅपटॉपवर तीनदा तपासलं होतं.

गणित बरोबर होतं. म्हणजे पेट्रोल खोटं होतं.

हे त्याने जाहीरही करून टाकलं होतं. हायवेच्या पंपावर उभं राहून व्हिडिओ काढला होता. भेसळ, लूट, किती दिवस गप्प बसायचं... आणि त्याच्या खांद्यामागे, नोझल हातात धरून उभ्या असलेल्या बाईचा चेहरा. सकाळपासून तो चेहरा गावभर फिरत होता.

ती बाई आता गॅरेजच्या दारात उभी होती. तिचं नाव मालन. साडीवर पंपाचा निळा शर्ट तसाच होता. मालकाने तिला नोझल खाली ठेवायला सांगितलं होतं. चार वाजता तो पंपावर येऊन तिचं काय करायचं ते ठरवणार होता. आता तीन वाजत आले होते.

तिने आणलेली बाटली टेबलावर ठेवली. त्याच नोझलचं पेट्रोल. शेजारी पंपावरचा तपासणीचा कागद ठेवला.

“मला भांडायचं नाही,” ती म्हणाली. “तपासा.”

उस्तादांनी कागदावर एक थेंब टाकला. थेंब पसरला. तिघं बघत राहिले. थोड्या वेळाने कागद कोरा झाला. भेसळ असती तर डाग राहिला असता.

“कागदाचं काय एवढं,” शार्दूल म्हणाला. “आणि बाटलीत काय भरून आणलंय कुणाला माहीत? या लोकांचं सगळं ठरलेलं असतं.”

मालनने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

“कुठली लोकं, दादा?”

...

शार्दूल उस्तादांकडे वळला आणि पुन्हा सुरू झाला. आपण किती महिने हाताला घट्टे पाडले, एक ग्रॅम वजन जास्त नको म्हणून मागची सीट काढली, स्टेपनी काढली, दारांचे आतले पत्रे काढले, आणि शेवटी कुणाच्या तरी हावरेपणापायी सगळं जळून गेलं. प्रामाणिकपणे काही करणाऱ्याला हा देश जगू देत नाही. उस्तादांनी आपल्या बाजूने बोलावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

उस्तादांनी त्याला पुरतं बोलू दिलं.

“पिस्टन कुठं गेला?” मग त्यांनी विचारलं.

“पन्हाळ्याच्या चढाला.”

“चढ मोठा आहे. कुठं?”

“वरच्या लांब वळणावर. उजव्या.”

“आणि पहिला?”



“...तिथंच.”

“सरळ रस्त्याला हेच पेट्रोल चाललं. वळणावर त्यात भेसळ झाली?”

“तसं नाही, उस्ताद. तिथं टर्बोचा जोर सगळ्यात जास्त असतो.”

“आलेख दाखव.”

शार्दूलने लॅपटॉप उघडला. हवा आणि पेट्रोल यांच्या प्रमाणाची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ होती. उस्तादांनी चष्मा नाकावर खाली घेतला.

“पिस्टन वितळला तरी रेघ हलली नाही?”

“एक उसळी होती. सेकंदभराची. तेवढ्यात पेट्रोल गायब झाल्यासारखं दिसत होतं. असं होऊच शकत नाही ना. सेन्सरची चूक म्हणून मी ती काढून टाकली.”

उस्तादांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज चढला नाही, पण शेजारच्या लेथवाल्याने मशीन बंद केलं.

“पुरावा तू पुसलास. आणि चोर हिला ठरवलंस.”

...

“मालन,” उस्ताद म्हणाले, “कोपऱ्यातली परात आण जरा.”

सुटे भाग धुवायची ती मोठी, बसकी परात होती. उस्तादांनी ती पुसून टेबलावर ठेवली. माठातलं दोन तांबे पाणी तिच्यात ओतलं. तळ जेमतेम झाकला. एक नवी रबरी नळी घेऊन तिचं टोक उजव्या कडेला, तळाशी बोटाने दाबून धरलं. दुसरं टोक शार्दूलपुढे केलं.

“पी.”

“उस्ताद, आत्ता हे...”

“पी म्हटलं.”

शार्दूलने ओढलं. पाणी आलं.

“येतंय?”

त्याने मान हलवली.

“आता थांबू नकोस. मी सांगेपर्यंत ओढत राहा.”

मालनला त्यांनी डोळ्यांनी खुणावलं. तिने परातीची उजवी कड चार बोटं उचलली. पाणी सरसरत डावीकडे गेलं. नळी गुरगुरली. शार्दूलच्या तोंडात नुसती हवा आली.

“जोरात ओढ,” उस्ताद म्हणाले.

त्याने गाल आत जाईपर्यंत ओढलं.

“आणखी जोरात. टर्बो आहे तुझ्याकडं.”

त्याला ठसका लागला. नळी हातातून सुटली. डाव्या कडेला पाणी तसंच होतं, दोन तांब्यांतलं जवळजवळ सगळं.

मालनने परात हळूच खाली टेकवली. पाणी परत आलं.

...

“वळणावर टाकीतलं पेट्रोलही असंच एका कडेला पळतं. टाकीत किती ठेवतोस?” उस्तादांनी विचारलं.

शार्दूल खोकत होता. उत्तर मालनने दिलं.

“दोन लिटर. रोज येतात, रोज दोनच लिटर. मी म्हणायची, दादा, चढाला निघालाय, भरून घ्या. हे म्हणायचे, वजन होतं.”

“काटा काय दाखवत होता?”

गॅरेजाच्या मध्यभागी गाडी उभी होती. उस्ताद तिच्या खिडकीशी गेले. समोर तीन नवी घड्याळं चमकत होती. एक टर्बोच्या दाबाचं, एक तापमानाचं, एक धुराचं. टाकीत पेट्रोल किती, हे दाखवणारं जुनं घड्याळ तिथं नव्हतं.

“जागा नव्हती,” शार्दूल म्हणाला. “म्हणून काढलं.”

उस्ताद हसले नाहीत. शार्दूलला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

तो टेबलापाशी बसून राहिला. मग एकदम उठला. म्हणाला, कंपन्या टाक्याच तशा बनवतात, पेट्रोल एका कडेला पळू नये म्हणून आत आडपडदे घालत नाहीत, हे कुठल्याच पुस्तकात पहिल्या पानावर का लिहीत नाहीत, कॉलेजात चार वर्षं नुसती समीकरणं... बोलता बोलता त्याची नजर कोऱ्या कागदावर गेली. त्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

घड्याळात साडेतीन झाले होते.

“व्हिडिओ काढून टाकतो,” तो म्हणाला.

“गावानं पाहिला तो.”

“मग नवा काढतो. पेट्रोल चोख होतं म्हणून सांगतो.”

उस्ताद परातीतलं पाणी दारातल्या तुळशीला घालत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

“काढ. या वेळी चेहरा तुझा ठेव.”

...

गाडी चालणार नव्हती. शार्दूलने लोखंडी कॅन उचलला, तो वितळलेला पिस्टन खिशात घातला आणि मालनच्या मागोमाग हायवेपर्यंत चालत गेला.

मालक आलेला होता. पंपावर गर्दी होती. सकाळी व्हिडिओला टाळ्या वाजवणारे दोघंतिघंही तिथं होते. शार्दूलने फोन त्यांच्यातल्याच एकाच्या हातात दिला, पिस्टन समोर धरला आणि सांगितलं. टाकी रिकामी ठेवली मी. नोंद पुसली मी. खोटं बोललो मी. आवाज दोनदा अडकला. पहिल्या व्हिडिओत तो एकदाही अडकला नव्हता.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, जाऊ दे रे, एवढं काय. शार्दूलला त्या माणसाचा भयंकर राग आला.

मालकाने घसा खाकरला. मालनकडे बघून नोझलकडे हात केला.

मालनने निळ्या शर्टाची बाही सारखी केली. नोझल उचललं. शार्दूलने कॅन पुढे ठेवला, झाकण उघडलं आणि सवयीने खाली मान घालून उभा राहिला.

तिने नोझल दाबलं नाही. वाट बघत राहिली.

“वर बघा, दादा,” मालन म्हणाली. “मीटरवर झिरो आहे का ते आधी बघा. रोज सांगते मी.”