कशालाही हात लावायचा नाही

एका गावात एक भोळा बाप राहायचा. गावाचं नाव मी सांगणार नाही, तिथली माणसं लगेच भांडायला येतात. बापाचं नाव सोपान. सांगितलेलं काम सोपान शब्दाला शब्द धरून करायचा. 'कुत्रं आलं तर हाकल' असं सांगून दुधापाशी बसवलं, तर मांजर सगळं दूध पिऊन गेलं तरी हा जागचा हलायचा नाही. मांजराबद्दल कोणी काही बोललंच नव्हतं ना.

त्याची बायको वैजयंता आमच्याच आळीतली. आम्ही तिला वैजू म्हणतो. वैजू तशी हुशार. पण मागच्या वर्षी जत्रेतल्या संडासात तिनं पोरीला नेलं आणि दोन दिवसांनी पोरीला लघवीची जळजळ सुरू झाली, ताप चढला. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं. पोर चार दिवसांत उड्या मारायला लागली, वैजू मात्र बरी झाली नाही. मोबाईलवर आयांचा एक गट होता. तिथं रोज सकाळी कोणीतरी नवा जंतू पाठवायचं आणि वैजू तो चहाबरोबर वाचायची.

"ते जंतू दिसतात कसे?" सोपाननं एकदा विचारलं.

"दिसत नाहीत."

"मग आहेत हे कळतं कसं?"

"अहो, दिसत नाहीत हीच तर भीती आहे."

सोपानला ते पटलं. बायकोचं त्याला सगळंच पटायचं.

तर झालं काय, वैजूच्या भावाला मुलगा झाला. बारसं ठरलं. बारशाला आत्या हवीच, बाळाच्या कानात नाव तीच सांगते. म्हणून वैजू चार दिवस आधी माहेरी यायला निघाली. पोरीला शाळा होती, तिनं बापाबरोबर मागून यायचं ठरलं. पोरीचं नाव ओवी, वय वर्षं पाच. आमच्या गावाला यायचं म्हणजे दोन एसट्या बदलून सहा तासांचा रस्ता. वैजूनं एक पिशवी भरून ठेवली. तिच्यात हात चोळायची सॅनिटायझरची बाटली, ओले रुमाल, कागदी साबण, पाण्याच्या तीन बाटल्या आणि वर्तमानपत्रांची रद्दी.

"ऐका," ती सोपानला म्हणाली. "वाटेत ओवीला लागली तर उघड्यावर बसवायचं नाही. स्टँडवरच्या संडासात न्यायचं, पण तिला कशालाही हात लावू द्यायचा नाही. तिथलं जे काही करायचं ते तुम्ही करायचं. आणि ऊन आहे, अर्ध्या अर्ध्या तासानं तिला पाणी पाजा. पोरीला परत ताप आला ना, तर मी बारसं टाकून दवाखान्यात जाऊन बसेन."

सोपाननं मान डोलावली. सगळं डोक्यात पक्कं बसवलं.

वाटेतली हकिगत मला नंतर ओवीनं सांगितली. सोपानला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, प्रवास अगदी व्यवस्थित झाला.

पहिल्या एसटीत सोपाननं घड्याळ लावून चार वेळा पाणी पाजलं. तालुक्याच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या ओवी म्हणाली, "बाबा, मला लागली."

सोपाननं तिला संडासाच्या बाहेर उभं केलं. हाताला बाटलीतलं चोळलं आणि स्वतः आत गेला. जरा वेळानं बाहेर आला, परत हात चोळले आणि म्हणाला, "चल, झाली."

"माझी नाही झाली," ओवी म्हणाली.

"तुझी मी केली. आईनंच सांगितलंय, तिथलं जे करायचं ते मी करायचं."

"पण मला अजून लागलीय."

सोपान विचारात पडला. आपण नीट केली नाही की काय, असं वाटून तो पुन्हा आत जाऊन आला. तरी ओवीची लागलेली काही जाईना. तेव्हा त्यानं वैजूला फोन लावला.

वैजूनं कपाळावर हात मारून घेतला. मी तिच्या शेजारीच घुगऱ्यांचे हरभरे निवडत होते. "अहो, तिची शू तुम्ही कशी कराल? तिला एकटीला आत पाठवायचं. तुम्ही बाहेर थांबायचं आणि दार घट्ट धरून ठेवायचं. कळलं?"

"कळलं," सोपान म्हणाला.

एवढ्यात दुसरी एसटी लागली. लोकांची झुंबड उडाली. सोपाननं ओवीला एकटीला आत पाठवलं. आपण बाहेर थांबला आणि दार घट्ट धरून ठेवलं. कंडक्टर आतून दार ओढतोय, हा बाहेरून धरतोय.

"अहो पाव्हणं, चढा की आत."

"नाही. मी बाहेरच थांबायचं."

"मग दार तरी सोडा."

"दार धरायचंच आहे."

कंडक्टरला वाटलं, हा पोरीला पोचवायला आलेला दिसतो. त्यानं घंटी मारली. गाडी निघाली. सोपान दार धरून गाडीबरोबर चालायला लागला, मग पळायला लागला. आत ओवी खिडकीतून ओरडतेय, "बाबा, चढ." हा पळता पळता विचारतोय, "तुझी झाली का?" पार पेट्रोलपंपापर्यंत पळाला. शेवटी ड्रायव्हरनंच गाडी थांबवली आणि दोघातिघांनी मिळून सोपानला आत ओढून घेतलं. त्याची एक चप्पल रस्त्यावर राहिली ती राहिलीच.

जीव जरा खाली बसल्यावर त्यानं वैजूला फोन केला. वैजू म्हणाली, "देवा रे. अहो, पोरगी एकटी गेली असती ना कुठल्या कुठं. आता तिला नजरेआड करू नका. ती जाईल तिथं तिच्या मागोमाग जायचं. कळलं?"

"कळलं," सोपान म्हणाला, आणि ओवीला पाणी पाजलं. वेळ झाली होती.

जिल्ह्याच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. ओवीला आता पाय जुळवून चालावं लागत होतं. भिंतीवर 'स्वच्छता राखा' असं लिहिलेलं होतं आणि त्या अक्षरांवर लोकांनी पानाच्या पिचकाऱ्या मारल्या होत्या. ओवी शहाणी पोर, ती बायकांच्या बाजूला पळाली. सोपान मागोमाग. आत चार बायका रांगेत उभ्या होत्या.

"अहो, तुम्ही कुठं शिरताय?" एक म्हणाली.

"मी हिला नजरेआड करत नाही," सोपान म्हणाला.

पुढचं सविस्तर सांगत नाही, लहान पोरं ऐकताहेत. तिथं एक झाडूवाली मावशी होती आणि तिच्या हातात ओला झाडू होता, एवढं सांगितलं की पुरे. सोपान झाडू खात बाहेर आला. त्यानं ओवीचा हात धरलेला, त्यामुळे ओवीही बाहेर आली. तिकडं गाडीनं हॉर्न दिला. मग काय, धावत जाऊन चढायलाच लागलं.

"बाबा, खूप लागली," ओवी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सोपानच्याही आलं. लेकीवर त्याचा जीव होता, पण करायचं काय ते त्याला खरंच उमगत नव्हतं.

त्यानं पुन्हा फोन लावला. पोरगी सकाळपासून धरून बसलीय हे वैजूला कळलं. त्यात नवऱ्यानं झाडू खाल्ला ती लाज वेगळीच. "अहो, असं एकदम घुसायचं नसतं कुठं. आधी दार वाजवायचं. आत कोणी आहे का विचारायचं. कोणी असेल तर ते बाहेर येईपर्यंत गप उभं राहायचं. आता वाटेत कुठं थांबू नका, सरळ घरी या."

दुपारी तीनला दोघं आमच्या गावात आले. वैजूच्या माहेरी दाराला तोरण, अंगणात मांडव आणि घरात पन्नासेक माणसं. सोपाननं उघडं दार वाजवलं.

"आत कोणी आहे का?"

"आहोत की," वैजूची म्हातारी चुलती आतून म्हणाली. "या, जावईबापू."

सोपान मागं सरकला आणि गप उभा राहिला.

"या की आत."

"तुमचं होऊ द्या आधी. तुम्ही सगळे बाहेर आलात की मी येतो."

चुलतीला वाटलं, जावई रुसला. मानपान कुठं राहिला की काय म्हणून तिनं तांब्याभर पाणी आणून त्याच्या पायांवर घातलं. पाण्याचा तो आवाज ऐकून ओवीनं डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हातांनी खांब धरला. सोपाननं लगेच तिचे हात सोडवून त्यांना बाटलीतलं चोळलं. खांबाला हात लागला होता ना.

चुलती आत जाऊन वैजूला म्हणाली, "तुझा नवरा दारात अडून बसलाय." वैजूला तेव्हा माजघरात बायका नवी साडी नेसवत होत्या. निऱ्या अर्ध्या खोचलेल्या, जागची हलायची सोय नाही. तिनं तिथूनच फोन लावला.

"अहो, या आत. दारात थांबून कोणाला काही विचारू नका. पण ओवीला मागच्या संडासात नेऊ नका हं. सकाळपासून पन्नास माणसं जाऊन आलीत तिथं. मी सकाळी स्वतः घासून धुऊन ठेवलंय ना, अजून कोणी वापरलेलं नाही, तिथं न्या. खाली कागद अंथरा आणि झाल्याशिवाय तिला उठू देऊ नका."

तिला म्हणायची होती न्हाणीघरामागची नवी मोरी. ती तिनं फिनेल टाकून घासली होती, खास ओवीसाठी. तेवढ्यात बायकांनी तिच्या हातातला फोन काढून घेतला.

सोपान ओवीला घेऊन आत आला आणि चुलतीला म्हणाला, "वैजूनं आज सकाळी स्वतः काय धुतलं?"

"काय म्हणून विचारता," चुलती म्हणाली. "पाळणा. तीनदा धुतला, उन्हात वाळवला, कोणाला बोट लावू देईना."

"अजून कोणी वापरला नाही?"

"छे हो. बाळ अजून आईजवळ आहे."

बैठकीच्या खोलीत तो पाळणा टांगलेला होता. जुना सागवानी, चांगला मोठा. वर पांढरी जाळी, जंतू आत जाऊ नयेत म्हणून वैजूनंच घातलेली. बायका सगळ्या माजघरात, पुरुष मांडवात. सोपाननं चादरीवर वर्तमानपत्र अंथरलं, दोन पानं जास्तच. ओवीला उचलून पाळण्यात ठेवलं. जाळी पाडली आणि आपण बाहेर थांबून ती घट्ट धरून ठेवली.

"बाबा, हा पाळणा आहे," ओवी म्हणाली.

"आईनं स्वतः धुतलाय. झाल्याशिवाय उठायचं नाही."

दिवसभर धरून ठेवलेलं, आता येईना. ओवी गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिली आणि दमून झोपली.

मग आम्ही सगळ्या बायका आलो. वैजूनं आधीच बजावून ठेवलं होतं, बाळाला हातोहाती फिरवायचं नाही, जाळी उघडायची नाही. जाळीत काहीतरी निजलेलं दिसत होतं. बाळाच्या आईनंच बाळ आणून निजवलं असणार, असं आम्हाला वाटलं. बारा दिवसांत बाळ बरंच वाढलं, एवढं मात्र माझ्या मनात आलं. पण बारशाला असलं कोणी बोलून दाखवत नाही.

वैजूनं हात चोळले. तोंडाला रुमाल बांधला. सोपान जाळी धरून उभा होता, तिला ते बरंच वाटलं. "ओवीची झाली?" तिनं हळूच विचारलं.

"होतेय," सोपान म्हणाला.

वैजूचा जीव भांड्यात पडला. ती वाकली, पदर डोळ्यांवर आलेला तसाच ठेवून जाळीच्या फटीतून तोंड आत घातलं आणि रीतीप्रमाणे बाळाच्या कानात मोठ्यानं "कुर्रर्र" केलं. नाव सांगितलं, अगस्त्य. तिच्या पाठीत आम्ही धपाधप गुद्दे घातले. पहिला माझाच होता.

त्या 'कुर्रर्र'नं ओवी दचकून जागी झाली. पाळण्याखाली आधी एक थेंब पडला, मग दोन, मग धार लागली. सहा तासांची होती, वेळ लागला. आम्ही सगळ्या बघत उभ्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बाळाची आई बाळाला घेऊन आली आणि दारातच थांबली.

जाळीतून आवाज आला, "आई, झाली."

वैजूनं पाळण्याच्या कडेला टेकायला हात पुढं केला. सोपाननं तो वरच्या वर धरला आणि तळव्यावर बाटलीतलं सगळं औषध ओतलं.

"वैजू, कशालाही हात लावू नको," तो म्हणाला. "पाळणा आत्ताच कोणीतरी वापरलाय."