लाख ओतलेले कान

एका राज्यात शूरकेतू नावाचा राजा होता, आणि राजा म्हणायचा तो आपला नावाला! कालभद्र मांत्रिकानं त्याला शाप देऊन सिंहासनावर बसल्या जागी दगड केलं होतं. डोळे दगड, हात दगड, पाय दगड. गळा तेवढा जिता राहिला, पण त्यातून शब्द फुटेना. तापल्या तेलात मोहरी पडावी तशी नुसती तडतड. कालभद्र त्या तडतडीला कान लावी आणि म्हणे, "महाराजांची आज्ञा झाली. पूर्वेची कुरणं मांत्रिकाला द्या!" दरबार माना डोलवी. बाबा रे, हे तुला कुठं ऐकू आलं, असं विचारायची एकाची छाती होईल तर शपथ!

त्या राज्यात आणखी एक रीत होती. भोवती कुणी नसताना ज्याला आवाज ऐकू येत, त्याच्या कानांत गरम लाख ओतत. राजा दगड झाल्यापासून तर दर अमावास्येला माणसं सिंहासनापुढे उभी करत आणि विचारत, "या तडतडीत शब्द ऐकू येतो?" जो "येतो" म्हणेल त्याचे कान तिथल्या तिथं बंद. ही म्हणे परीक्षा! रीत कुणी घातली म्हणाल, तर लोक हळूच कालभद्राकडे बोट दाखवत.

राजाची धाकटी बहीण ऊर्मिका. तिला लहानपणापासून एक घोगरा आवाज ऐकू येई, डाव्या खांद्यामागून. "नालायक आहेस, गप्प बस," हेच त्याचं तुणतुणं. ती मूग गिळून राहिली. जिनं तिला वाढवलं ती भागूमाय लाख ओतल्यापासून हाकेला वळत नव्हती, हे तिनं पाहिलं होतं. पण ऊर्मिकेला दुसरंही ऐकू येई. त्या तडतडीतून भाऊ स्वच्छ म्हणे, "ऊर्मिके, मला सोडव." ज्यांना हे ऐकू येतं, नेमके त्यांचेच कान बुजवायचे! तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

दरबाराच्या कोनाड्यात एक साळुंकी राहत असे. ती एके दिवशी म्हणाली, "राजकन्ये, भावाचे तीन बोल भरदरबारात जसेच्या तसे सांग. पहिल्यानं पाय सुटतील, दुसऱ्यानं हात, तिसऱ्यानं जीभ. एक जरी चुकला, तर गळाही दगड होईल."

"मग तूच का सांगत नाहीस?"

"मला तडतडच ऐकू येते. शिवाय पाखराची साक्ष इथं चालत नाही."

अमावास्येला ऊर्मिका आपल्या पायांनी सिंहासनापुढे गेली. म्हणाली, "मला शब्द ऐकू येतो."

"लाख आणा!" कालभद्र ओरडला.

"आणा की. तापेपर्यंत माझं ऐका."

गळा तडतडला. ऊर्मिका म्हणाली, "मला कालभद्रानं दगड केलं." राजाचे पाय हलले. दरबाराच्या तोंडचं पाणी पळालं. गळा पुन्हा तडतडला. ती म्हणाली, "दगड झाल्यापासून मी एकही आज्ञा दिलेली नाही." राजाचे हात सुटले.

मग तिसरा बोल एकट्या ऊर्मिकेच्या कानी आला. "कान बुजवायचा हुकूम मात्र माझाच होता." त्याच क्षणी घोगरा आवाज मागून खेकसला, "खोटारडे, हे मीच बोललो! भावाला बट्टा लावतेस? गप्प बस!"

आता कुणाचं खरं मानायचं? चुकली तर भाऊ कायमचा गेला. लाख तर कढायला लागलीच होती. ऊर्मिकेनं डोळे मिटले. घोगऱ्यानं आजवर तिच्याखेरीज कुणाला दोष दिला नव्हता. हा बोल समोरून आला होता आणि बोलणारा स्वतःलाच दोष देत होता. हा दादाच! आणि असा हुकूम देणाराही दादाच! रागानं तिचा आवाज चिरकला, पण तिनं एकही अक्षर वगळलं नाही. "कान बुजवायचा हुकूम मात्र माझाच होता."

राजाची जीभ सुटली. दगडी डोळे जिवंत झाले, त्यांत पाणी आलं. शाप उलटला आणि कालभद्र उभ्या जागी दगड झाला.

"ताई," राजा म्हणाला. धाकटीला त्यानं असं कधी म्हटलं नव्हतं. "मला आवाजांचं भय वाटलं गं. क्षमा कर."

"माझ्याकडे काय मागतोस? ज्यांच्या कानांत लाख आहे त्यांच्याकडे माग. आणि मोठ्यानं माग, त्यांना ऐकू येत नाही!"

"तुझा तो आवाज गेला का?"

"नाही. आत्ताही बडबडतोय. पण त्यानं कुणाच्या कानात लाख ओतली नाही."

राजानं मान खाली घातली. मुकुट उतरवला, कोमट तेलाची वाटी घेतली आणि दारोदार निघाला. एकेकाचं डोकं मांडीवर घेऊन, कानातली लाख मऊ करून स्वतःच्या हातानं काढू लागला. शेवटचा कान मोकळा होईपर्यंत ऊर्मिका भावाशी एक अक्षर बोलली नाही. त्यांचे कान जसे उघडले, तसे तुमचेआमचे उघडोत.