न मोजलेले आंबे

वाघदरी संस्थानचे राजेसाहेब फारच सुटले होते. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला पंधराशे कॅलरी नेमून दिल्या आणि त्या मोजायचं काम मुदपाकखान्यातल्या द्वारकाबाईंच्या गळ्यात पडलं. बाई भाकरीसुद्धा तोलून वाढत. पण राजेसाहेबांनी आपलाच एक नियम काढला, "फळं-भाज्या मोजायच्या नाहीत. झाडावरच्या वस्तूने कुठे चरबी चढते?" मग रोज डझनभर आंबे, अर्धा फणस, शिवाय तुपात परतलेले बटाटे. बाई सांगून सांगून थकल्या.

महिन्याने वजन उलट चार शेर वाढलं. "तुमच्या मापात खोट आहे," राजेसाहेब भर दरबारात कडाडले. "उद्यापासून येऊ नका!"

बावीस वर्षांच्या चाकरीचं हे फळ! बाईंचा संताप अनावर झाला, पण त्या एवढंच म्हणाल्या, "आजचं तरी वाढू द्या."

दुपारी दरबारी मंडळींच्या पंगतीत त्यांनी राजेसाहेबांपुढे आधी आंबे, केळी आणि फणसाचे गरे ठेवले. राजेसाहेबांनी सगळं फस्त करून ढेकर दिली. लगेच बाईंनी भरलेलं ताट मांडलं.

"आता कसलं जेवण? पोटात तिळाएवढी जागा नाही!"

"असं कसं, सरकार? तुम्ही तर सकाळपासून काहीच खाल्लं नाही. जे मोजण्यात नाही, त्याने पोट कसं भरलं?"

दरबारी खाली मान घालून हसू लागले. राजेसाहेब ओशाळले.

"बरं, उद्यापासून आंबे मोजा," ते पडेल आवाजात म्हणाले. "आणि काकडी?"

"काकडी हवी तेवढी खा, सरकार," बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "फक्त साखर लावून मागू नका!"