राजाच्या पेटीतल्या घरावर उतरतं छप्पर

"गळतंय! पुन्हा गळतंय!" भोगराज राजा पलंगावर ताडकन उठून बसला. थेंब नेमका त्याच्या नाकावर पडला होता.

झालं होतं असं, की समुद्रापलीकडच्या एका व्यापाऱ्याने राजाला चक्क घर भेट दिलं होतं! गलबतावरून ते पेट्यांमध्ये सुटं सुटं आलं, भिंती एका पेटीत, दारं दुसऱ्या पेटीत, आणि चार दिवसांत किनाऱ्यावर जोडून उभं राहिलं. पातळ फळ्यांच्या भिंती अन् वर पाटासारखं सपाट छप्पर. त्या व्यापाऱ्याच्या मुलखात पाऊस म्हणजे वर्षाला चार शिंतोडे. इकडे कोकणपट्टीत वैशाखातली एक चुकार सर आली, तरी छपरावर तळं साचलं. मृग लागल्यावर काय होणार?

पण राजाचा जीव त्या घरावर. दगडी राजवाडा सोडून तो तिथेच झोपायचा.

त्याने धाको सुताराला बोलावलं. धाकोने नव्या छपराचा अंदाज घ्यायला एक वासा भिंतीवर ठेवला मात्र, भिंत कर्रर्र करून बाहेर फुगली!

"उचल तो! माझ्या घराचं पोट फुगवलंस!"

"महाराज, या भिंती स्वतःचं छप्पर पेलतात हेच खूप झालं. दुसरं घालायचं तर भिंती बदलायला हव्यात."

"भिंतींना हात लावायचा नाही!" राजा गरजला. "जुनं छप्पर काढायचं नाही. खिळा ठोकायचा नाही. खोल्यांत खांब उभे करायचे नाहीत. माझ्या घराने काडीचंही ओझं उचलता कामा नये. आणि वर छप्पर मात्र हवं! असं उतरतं, की थेंबाला बूड टेकायला मिळू नये!"

"मग काय आभाळाला टांगू, महाराज?"

दरबारी फिस्सकन हसले. राजा नाही हसला.

"आठ दिवस देतो! नाही जमलं तर तुझी वाकस, रंधा, करवत, सगळं समुद्रात! आणि तू राज्याच्या हद्दीबाहेर!"

धाको घरी आला आणि एकेक हत्यार पुसून फडक्यात गुंडाळायला लागला. त्याची लेक आवडी चुलीपाशी होती. आई नसलेली पोर, वाकस धरून लाकूड तासायला बापाकडूनच शिकलेली.

"बाबा, ऐन कामाच्या दिवसांत हत्यारं का बांधताय?"

"ही माझ्या आज्याची वाकस. लाटेत जायच्या आधी डोळे भरून बघून घेतो."

सगळं ऐकल्यावर आवडीने भाकरी उतरवली, फुंकणी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या. मी आलेच."

ती गेली थेट समुद्रकाठच्या पुळणीवर, वाळूत. पावसाळा तोंडावर आला की खारवी लोक होड्या वर ओढून शाकारून ठेवतात. भागा खारवीण आपल्या होडीच्या दोन्ही बाजूंना मेढी, म्हणजे लाकडी खांब, पुरून, वर आडवा वासा बांधून त्यावर माडाची विणलेली झापं चढवत होती.

"भागाकाकी, एवढी धडपड कशाला? झापं होडीवरच अंथरायची ना!"

"शाणी आहेस! गो आवडे, झाप टेकलं की लाकडाला घाम येतो नि होडी कुजते. मधून मांजर फिरेल एवढी जागा सोडायची. होडीने आराम करायचा. भार सगळा मेढींचा!"

"काकी, तुझ्या तोंडात साखर!"

"साखर नको, ते झाप वर दे आधी!"

आवडीने झाप दिलं आणि धावत सुटली.

दुसऱ्या दिवसापासून राजाच्या घराभोवती खड्डे पडायला लागले. भिंतीपासून हातभर लांब, कमरेइतके खोल, चांगले बारा! किनाऱ्यावरचा वारा उतरत्या छपराला उचलू बघतो, म्हणून सागाचे खांब खड्ड्यांत दगड घालून, ठोकून घट्ट बसवले. त्यावर आढं चढलं, वासे उतरले, झापांचे थर बसले. लोक बघायला जमायचे. कुणी म्हणे, "घराला टोपी घालताहेत," कुणी म्हणे, "घराचं लग्न आहे, मांडव घातलाय!" धाको घाम पुसत म्हणायचा, "आवडे, मोजमाप चुकलं तर?" ती म्हणायची, "बाबा, दोरी ओढा!"

आठव्या दिवशी भर दुपारी राजा आला. सोबत दरबार, मागे छत्र धरलेला सेवक. पाणक्यांनी शिडीवरून घागरीमागून घागरी ओतल्या. पाणी सरसरत उतरलं आणि लांब जाऊन पडलं. आत राजाने स्वतः भिंती चाचपल्या, छताला हात लावला. कोरडं ठणठणीत!

पण हट्टी माणूस तो. बाहेर येऊन मान हलवली. "नाही! फसवलंत मला! मी माझ्या घराचं छप्पर मागितलं होतं. हे तर घराला कुठेच शिवत नाही. जे घराला शिवत नाही, ते घराचं कसलं? हे त्या खांबांचं छप्पर! धाको, आण तुझी हत्यारं!"

धाको हत्यारांचं फडकं उचलायला वळला. आवडी पुढे आली.

"महाराज, आधी एक विचारू? आत्ता ऊन लागतंय तुम्हाला?"

"ऊन? मला? डोळे आहेत ना तुला? हे माझं छत्र दिसत नाही?"

"दिसतं ना! पण हे तुमचं कसं?"

"म्हणजे?"

"तुमच्या मुकुटाला शिवत नाही, खांद्याला टेकत नाही. दांडा या दादांच्या हातात, भार यांच्या मनगटावर. तुमच्या हिशेबाने हे छत्र यांचं झालं! मग राजा कोण म्हणायचं, महाराज?"

छत्रवाल्याने दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, तरी छत्र राजाच्या डोक्यावर डुलायला लागलं.

राजाने वर पाहिलं. मग घराकडे पाहिलं. पुन्हा वर पाहिलं. आणि असा खदखदून हसला, की मुकुट घरंगळून वाळूत पडला!

"हरलो, पोरी, हरलो! धाको, तुझी हत्यारं तुझ्यापाशी! आणि ह्या पोरीला चांदीच्या दांड्याची वाकस द्या! आजपासून राज्यातली सगळी छपरं हिच्या शब्दावर उभी राहतील. आणखी काय हवं, माग!"

"भागाकाकीला आणि साऱ्या खारव्यांना दर वर्षी मेढी राजाच्या रानातून फुकट मिळाव्यात."

"दिल्या!" राजा डोळे पुसत म्हणाला. "आणि त्या छत्रवाल्याला कुणीतरी पाणी द्या रे. राजा व्हायच्या भीतीने बिचारा घामाघूम झालाय!"