खांबावरचा बाप

"म्हणजे पोरीनं अभ्यास सोडून खांबालाच लटकायचं?"

माझा मुलगा श्रीधर असंच म्हणाला, की याहून तिखट काही, याची आता खात्री नाही. हयात तर्कशास्त्र शिकवण्यात गेली, पण स्वतःच्या आठवणीवर माझा भरवसा नाही. पुढचं मात्र डोळ्यांसमोर आहे... बहुतेक.

मिरजेतली एक व्यायामशाळा. मल्लखांब शिकवणारे तात्या आवटी खांबाला एरंडेल चोळत होते. माझी नात कावेरी माझा हात धरून उभी. तिसरीत गेल्यापासून तिचा गृहपाठ वाढला होता. दप्तर उघडलं की रडायची. म्हणून श्रीधर मल्लखांबातून तिचं नाव काढायला आला होता.

"रडते कधी?" तात्यांनी विचारलं.

"अभ्यासाला बसवलं की. एक पान झालं म्हणून दुसरं पुढे ठेवावं, तर..."

"हं. बूट काढा."

"काय?"

"चढा."

"तात्या, मी इंजिनिअर आहे."

"खांबाला चालतं."

"चढ ना, बाबा!" कावेरीनं टाळी वाजवली.

श्रीधरनं पँट दुमडली. घसरला. पुन्हा खांब धरला. पोरं गोळा होऊन ओरडू लागली. तो माझ्या डोक्याच्या वर गेला, तेव्हा मला धडकी भरली. पण ओरडत मीही होतो.

"उतरू?"

"अजून थोडं वर."

गेला.

"आता?"

"छान. अजून थोडं."

"पोटऱ्या थरथरताहेत... कुठपर्यंत जायचं?"

"जा तर खरं. मग बघू."

श्रीधरनं खांबाला मिठी मारली. डोळे मिटले. ना वर, ना खाली.

कावेरी माझा हात सोडून धावली.

"तात्या, ही चीटिंग आहे! त्याला उतरायला कुठे शिकवलंय? मला तर तुम्ही उचलून वर लावलं होतं, आणि पहिल्यांदा उतरायलाच शिकवलं होतं. चढायचं नंतर!"

"मग शिकव की."

"बाबा, माझं ऐक. मांड्या आवळ. हात खाली घे. धरलंस? आता पाय ढिले सोड. सोड ना, घाबरट!"

धप्प!

पोरांनी एकच गिल्ला केला. शर्टभर तेल, ढोपरांना माती, आणि श्रीधर हसत होता. कित्येक दिवसांनी.

"परत!" कावेरी नाचत होती. "परत चढ!"

आणि तो चढला. न विचारता, भराभर, थेट टोकाच्या गोल बोंडापर्यंत. बोंडावर थाप मारली आणि सरसर खाली आला. मी टोपी उडवली. निदान तसं आठवतं.

"तात्या..." श्रीधर धापा टाकत म्हणाला, "पण गृहपाठाचं काय?"

तात्या एरंडेलाची बाटली उचलता उचलता एक वाक्य बोलले.

ते वाक्य मीच मागाहून रचलं असावं, ही शंका मला वर्षानुवर्षं खात होती. कावेरी आता त्याच व्यायामशाळेत मुलांना शिकवते. गेल्या दिवाळीत धीर करून तिला विचारलं.

"नाही हो आजोबा," ती म्हणाली, "शब्द अगदी हेच होते..."

"आज पहिलं पान उघडायच्या आधी हिला सांगा, उतरायचं कुठं."