खांबामागचा ताड

एके काळी एक वृद्ध तांडेल एका खाडीच्या मुखाशी राहत असे. होडी चालवण्याची विद्या त्या किनाऱ्यावर त्याच्याइतकी कोणाला अवगत नव्हती. त्याचे शिकवणे मात्र भलतेच संथ होते. त्याच्याकडे एक शिष्या होती. पाच वर्षे तिने त्याच्या होडीत वल्ही मारली. खाडीच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी शांत असते, तिथे तो तिच्या हाती सुकाणू देई. मुखाजवळ आले की परत घेई. तिला पुढेमागे स्वतःचे गलबत घेऊन दूरच्या बंदरांना जायचे होते. आणि पाच वर्षांत आपण खाडीच्या पलीकडच्या काठापुढे गेलो नाही, हे तिला रोज टोचत असे.

मग एकाच दिवशी तिच्यापुढे दोन वाटा आल्या. पलीकडच्या धक्क्यावरच्या एका व्यापाऱ्याने तिला बोलावून सांगितले, "वरच्या अंगाला माझी तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, चालते. माणसे न्यायची आणि आणायची. सुकाणू पहिल्या दिवसापासून तुझ्या हाती. राहायला धक्क्यावर खोली, महिन्याच्या महिन्याला पगार. उद्या सूर्य मावळायच्या आत हो की नाही ते कळव."

त्याच धक्क्याला एक गलबत लागले होते. त्याच्या नाखव्याचाही निरोप आला. "तळात झिरपणारे पाणी उपसायला माणूस हवे आहे. दोन वर्षे उपसलेस तर पुढचे पुढे शिकवीन. उद्या संध्याकाळच्या ओहोटीला सुटणार आहोत."

आई म्हणाली, "बाय, घराजवळचे घे." मावशी म्हणाली, "पाच वर्षे शिकलीस ती पाणी उपसायला का?" तिला दोघींचे पटले होते. पटूनही कुठेतरी काही अडत होते, म्हणून ती गुरूकडे गेली.

"बाबा, शेठची होडी घेऊ की गलबत?"

म्हातारा आपल्या जुन्या छत्रीची सुटलेली काडी दोऱ्याने बांधत होता. मान वर न करता तो म्हणाला, "उद्या सकाळी आपण मुखावरून पलीकडे जाऊ. सुकाणू तू धर."

"मी विचारले काय आणि तुम्ही सांगता काय?"

"कान शाबूत आहेत माझे. सकाळी ये."

सकाळी ती आली तेव्हा ओहोटी लागून बराच वेळ झाला होता. समोर पलीकडचा धक्का दिसत होता, त्याच्या टोकाशी चुन्याने रंगवलेला पांढरा खांब होता. "त्या खांबाला जायचे," एवढेच बोलून तांडेलाने शीड सोडले आणि तो नाळेशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, जाऊन बसला. मग त्याने छत्री उघडली. ऊन कोवळे होते, आभाळात ढग नव्हता. तरी त्याने ती छत्री दोन्ही हातांनी समोर धरली, अशी की खालून पांढरा खांब तेवढा दिसावा आणि वरचे सगळे झाकून जावे.

"छत्री कशाला, बाबा?"

"म्हाताऱ्या माणसाला सावली लागते. तू खांब बघ."

तिने खांब बघितला. नाळ खांबावरून तसूभरही हलू दिली नाही. होडी जराशी वळली की ती लगेच तिला पुन्हा खांबाकडे वळवी. मुखाजवळच्या पाण्यात पहिल्यांदाच सुकाणू हाती होते आणि सगळे किती सरळ चालले होते. तिला वाटले, उगाच पाच वर्षे घालवली म्हाताऱ्याने.

तेवढ्यात खालून खरखर असा आवाज आला आणि होडी थांबली. खांब समोरच होता, नाळही बरोबर त्याच्यावर होती. पण होडी वाळूवर चढली होती, धक्क्यापासून कितीतरी उजवीकडे, समुद्राच्या अंगाला. ओहोटीचे पाणी बघता बघता निघून गेले आणि दोघे ओल्या वाळूच्या मधोमध बसून राहिले.

"तुम्हाला ही वाळू ठाऊक होती."

"चाळीस वर्षे."

"आणि बोलला नाहीत."

"बोललो असतो तर तू ऐकले असतेस?" तांडेलाने फडके सोडले. "भाकरी खा. भरती यायला दुपार होईल."

ती तापली. "दुपार टळेल. संध्याकाळी शेठला उत्तर द्यायचे आहे, गलबत सुटायचे आहे. दोन्ही हातची गेली तर? माझी पाच वर्षे तुमच्या संथपणात गेली. मी साधी गोष्ट विचारली, तुम्ही छत्री उघडून बसलात. मोठ्या माणसांना एका शब्दात उत्तर देता येत नाही का कधी?"

"येते. पण ते त्यांचे उत्तर असते." म्हाताऱ्याने छत्री मिटून तिच्यापुढे ठेवली. "आता वर बघ."

खांबामागे डोंगर होता. डोंगराच्या माथ्यावर एकच उंच ताड उभा होता. इथून तो खांबाच्या मागे नव्हता; पार उजवीकडे, वेगळाच दिसत होता.

"वल्ही मारणाऱ्याची पाठ पुढच्या काठाकडे असते," तांडेल म्हणाला, "म्हणून पाच वर्षांत त्या ताडाची खूण तुझ्या ध्यानात आली नाही. मी मात्र रोज त्याच्यावरच होडी नेली. हे बघ पोरी, पाण्याला ओढ असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. एकट्या खांबाकडे बघणाऱ्याला आपण वाहत चाललो आहोत हे कळतच नाही, कारण त्याची नाळ अखेरपर्यंत खांबावरच असते. जवळची खूण आणि दूरची खूण एका रेषेत दिसली तरच होडी वाटेवर आहे असे समजायचे. शेठची होडी वाईट नाही. तुझा ताड या गावात असता तर मीच तुला हाताला धरून तिकडे पोचवले असते."

"आणि माझा ताड कुठला, ते तुम्ही ठरवणार?"

"मी ठरवला तर तू माझ्या घरी पोचशील." म्हातारा हसला. "माझा ताड हाच होता, मी इथेच पोचलो, सुखी आहे. तुझा ताड, ती दूरची बंदरे, तू पाच वर्षे बडबडत आलीस, मी ऐकत आलो. काल तू तोच विसरून मला विचारायला आलीस. छत्री माया असलेली माणसेच धरतात गो. आई धरते, मावशी धरते. मीही पाच वर्षे धरली. तुझ्यासारखी वल्ही मारणारी मला पुन्हा कुठे मिळायची? म्हणून मुखाजवळचे सुकाणू देत नव्हतो. सावली मिळते हे खरे, पण डोंगर झाकला जातो."

मग तिने भाकरी खाल्ली.

दुपार कलल्यावर भरती आली आणि होडी तरंगली. आता पाण्याची ओढ उलटी, डावीकडची होती. तिने सुकाणू धरले आणि ताड खांबामागे येईपर्यंत होडी ओढीबरोबर जाऊ दिली. ताड खांबाच्या डावीकडे सरकू लागला की ती नाळ उजवीकडे वळवी. दोन्ही खुणा पुन्हा एका रेषेत येत. काठावरून बघणाऱ्याला वाटले असते, पोर भलतीकडेच चालली आहे. होडी खेकड्यासारखी तिरकी चालत होती आणि वाट मात्र दोरी लावल्यासारखी सरळ होती. ओढ सकाळची दुपारी बदलली होती, ताड होता तिथेच होता.

धक्क्यावर उतरून ती आधी व्यापाऱ्याकडे गेली. "शेठ, तुम्ही सुकाणू देऊ केलेत, हे मी विसरणार नाही," ती म्हणाली आणि तिने नाही म्हणून सांगितले. मग गुरूच्या पाया पडून ती गलबतावर चढली. नाखव्याने तिच्या हाती बादली दिली.

गावाला हसायला विषय मिळाला. सुकाणू सोडून बादली घेणारी पोर कोणी पाहिली नव्हती. जो तो म्हणे, "म्हाताऱ्याने पोरीला चांगलाच चुना लावला."

अकरा वर्षांनी, उन्हाळा सरता सरता, एक गलबत त्या खाडीच्या मुखाशी आले. सुकाणू तिच्या हाती होते. दरम्यान तिने नाना बंदरे पाहिली होती आणि प्रत्येक बंदरात शिरताना आधी डोंगर शोधला होता. इथे तिला शोधावा लागला नाही. ताड दिसला, खाली खांब दिसला, आणि गलबत सरळ आत आले.

धक्क्यावर उतरल्यावर तिच्या ध्यानात आले की खांब अजून पांढराशुभ्र होता. खारे वारे दर पावसाळ्यात चुना खाऊन टाकतात. तिने व्यापाऱ्याला विचारले, "याला रंग कोण देते?"

"तुझा म्हातारा देत असे," तो म्हणाला. "दर दिवाळीला, गेल्या दिवाळीपर्यंत. आम्ही म्हणायचो, आता पुरे की. तर म्हणे, पोर परत यायची आहे, तिला दिसायला हवा."

म्हातारा त्याच उन्हाळ्यात, ती यायच्या थोडे आधी, गेला होता. छत्री त्याच्या झोपडीत खुंटीला मिटलेली होती.

गाव म्हणत होते ते खरेच होते. म्हाताऱ्याने चुना लावला होता, अकरा वर्षे, न चुकता, खांबाला. तिने चुन्याची बादली आणि कुंचला मागून घेतला. अकरा वर्षांपूर्वी त्या वाळूवर तिला एका शब्दात उत्तर मिळाले असते, तर आज तिच्या हाती दुसऱ्याच कोणाचे तरी उत्तर असते. ती खांबापुढे उभी राहिली, एकदा हात जोडले आणि रंगवू लागली.

आपला ताड आपणच निवडायचा असतो. पण त्याच्यापुढचा खांब कोणी पांढरा ठेवला, तेही विसरायचे नसते.