पौबारा

एकदा एका मोठ्या नदीच्या अलीकडच्या काठावर एक वृद्ध राहत असे. तरुणपणी त्याने घाटावरच्या मुलांना अक्षरे शिकवली होती, आणि अक्षरांचा कंटाळा आला की सारीपाट. मुले अक्षरे बहुतेक विसरली, सारीपाट मात्र कुणी विसरला नाही. शिक्षकाच्या वाट्याला येणारे यश साधारण याच जातीचे असते.

त्याच्या शिष्यांपैकी दोघे भाऊ नावाडी होते. थोरला भिवा, धाकटा येसू. नदीच्या पलीकडच्या काठावरचा एक घाट त्यांच्याकडे वडिलांपासून चालत आला होता. घाट म्हणजे दगडी पायऱ्या आणि एक सागवानी खुंटा. तिथली रीत अशी होती, की रोज दिवेलागणीला ज्या नावेचा दोर खुंट्याला असेल आणि जिचे दोन गडी तिथे हजर असतील, घाट त्यांचा. एकट्याचा घाट नसतो, असे लोक म्हणत. पुरात एकट्याला नाव आवरत नाही, म्हणून कुणा शहाण्याने ही रीत घातली असावी. संध्याकाळी चौगुला, म्हणजे पाटलाचा मदतनीस, काठाने फिरे आणि प्रत्येक खुंट्यापाशी विचारी, "पहिला कोण? दुसरा कोण?" दोन आवाज आले की तो पुढे जाई.

पुढे एक व्यापारी आला. त्याने पलीकडचे सगळे घाट एकेक करून घेतले, दोन्ही बाजूंना वखारी बांधल्या आणि मधोमध या दोघांचा खुंटा तेवढा राहिला. व्यापारी दुष्ट नव्हता. तो नमस्कार करी, येता-जाता खुशाली विचारी. मात्र घाट त्याच्या हाती गेला असता, तर अलीकडच्या गावांना नदी ओलांडायला त्याच्या मर्जीवर राहावे लागले असते, आणि हे सगळ्यांना ठाऊक होते. भावांना ठाऊक असलेली आणखी एक गोष्ट होती. दिवाळीनंतर पाणी उतरले की व्यापाऱ्याच्या सगळ्या घाटांवर गाळ वर येतो, खोल पाणी राहते ते फक्त यांच्या पायऱ्यांपाशी. तोवर खुंटा धरून ठेवला, की व्यापाऱ्याला हात जोडून यावे लागेल आणि घाट सर्वांना खुला राहील असा करार कायमचा करून घेता येईल. करायचे काहीच नव्हते. फक्त थांबायचे होते.

थांबण्यासाठी दोघे भाऊ कंबर कसून तयार झाले. लक्ष इकडेतिकडे जायला नको, म्हणून त्यांनी मासेमारीची जाळी विकली. नदीच्या वाळवंटातली कलिंगडाची वाडी दुसऱ्याला दिली. वडिलांच्या वेळचा एक म्हातारा गडी होता, वल्हे मारताना त्याला धाप लागे; त्यालाही लेकीकडे पाठवून दिले. येसूची बायको दुसऱ्यांदा गरोदर होती. बाळंतपण इथेच व्हायचे ठरले होते, पण घाटावर ताणाताण सुरू असताना ती इथे कशाला, असे म्हणून तिलाही नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या माहेरी धाडले. मग भिवा वृद्धाकडे गूळ घेऊन आला आणि मोठ्या समाधानाने म्हणाला, "बाबा, आता आम्ही मोकळे झालो."

वृद्धाने गूळ घेतला. शाबासकी दिली नाही. त्याने कोनाड्यातला सारीपाट काढून ओट्यावर पसरला आणि भिवाला खेळायला बसवले.

खेळ सगळ्यांना माहीत असतो असे आता राहिले नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. चार पट्ट्यांचा कापडी पट. सोंगट्या पटाला वळसा घालून मधल्या घरात पोचल्या की पिकल्या. वाटेत एकटी सोंगटी सापडली की मारली जाते. दोन सोंगट्या एका घरात असल्या की त्यांना जुग म्हणतात, आणि जुगाला कुणी हात लावू शकत नाही. शिवाय फाशांवर पडलेले दान खेळावेच लागते, मनात असो वा नसो.

भिवा जोरात खेळला. दोन सोंगट्यांचे जुग त्याने वृद्धाच्या वाटेवर नेमके अडवून बसवले आणि उरलेल्या दोन धावत नेऊन पिकवल्या. वृद्धाची एक सोंगटी मागे अडकली होती. तिला या जुगासमोरूनच जावे लागणार होते. गेली की मेली. वृद्ध मात्र घाई करीना. पिकवता येण्याजोगी सोंगटीसुद्धा तो पिकवीत नव्हता. तिला मधल्या घराच्या दाराशी आणून एकेक घर उगाच पुढे सरकवी. भिवाला हसू आले. म्हातारपणी माणूस खेळायचा विसरतो, असे त्याला वाटले.

मग भिवाने फासे टाकले आणि पौबारा पडले. सहा, सहा आणि एक. सारीपाटातले हे भाग्याचे दान. बोलताना मात्र आपण 'पोबारा केला' म्हणजे पळून गेला असे म्हणतो. भाषेला काही गोष्टी आपल्याआधी कळतात.

भिवाच्या पिकलेल्या सोंगट्या आता चालणार नव्हत्या. दान जुगालाच खेळायचे होते. सहा-सहा घरे दोघींनी वाटून घेतली, तोवर जुग शाबूत होते. उरला तो पौ, एक घर. ते दोघींना वाटून घेता येईना. भिवाने बराच वेळ पट न्याहाळला आणि शेवटी एक सोंगटी एका घराने पुढे सरकवली. वृद्धाने पुढच्याच दानाला मागची मारली.

भिवा म्हणाला, "चांगलं दान पडलं हेच वाईट झालं."

वृद्ध म्हणाला, "दानाला दोष देऊ नकोस, आणि तुझं जुग मी फोडलं असंही समजू नकोस. मला ते फोडता येत नव्हतं. तुझ्याजवळ हलवायला दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून ते तुझ्याच हातानं फुटलं. थांबायचं असेल, तर थांबण्यापुरत्या चाली हातात राखाव्या लागतात रे. मी सोंगटी दाराशी घोळवीत होतो ती त्यासाठी. ज्याच्याजवळ दुसरी चाल नाही, तो थांबलेला नसतो. अडकलेला असतो."

मग त्याने स्पष्टच सांगितले, की जाळी परत घे, त्या म्हाताऱ्या गड्याला बोलाव आणि सूनबाईला घरी आण. भिवाने मान डोलावली. पाणी उतरायला आता राहिलेत किती दिवस, असा त्याने मनाशी हिशेब केला आणि तो पुन्हा घाटावर जाऊन बसला. दृष्टांत ऐकणाऱ्याला तो नेहमी शेजाऱ्यासाठी सांगितलेला वाटतो. मी इतकी वर्षे दृष्टांत सांगतो आहे, मला याचे आता नवल वाटत नाही, फक्त राग येतो.

दिवाळी झाली. पाणी उतरू लागले. व्यापाऱ्याच्या घाटांवर गाळाची कड दिसू लागली आणि त्याच सुमारास येसूच्या सासुरवाडीहून माणूस आला. मुलगा झाला होता. पण बाळंतीण फार अशक्त होती, ग्लानीत येसूचे नाव घेत होती.

येसू भिवाकडे बघत राहिला. जाऊ का, असे त्याने विचारले नाही. भिवाने मागे वळून पाहिले. नावेत म्हातारा गडी नव्हता. घरात ती बाई नव्हती, जिच्यासाठी एवढ्या लांब जावे लागते आहे. शेवटी भिवाच म्हणाला, "जा."

जायला नाव हवी, आणि आपली नाव तर खुंट्यावरून सोडता येत नव्हती. व्यापाऱ्याला कळले तेव्हा त्याने स्वतःची वेगवान नाव दिली. बाळासाठी अंगडे-टोपडेही दिले. मी आधीच म्हणालो, तो दुष्ट नव्हता.

दिवेलागणीला चौगुला आला. "पहिला कोण?" भिवाने आवाज दिला. "दुसरा कोण?" चौगुला चांगला माणूस होता, त्याने पुन्हा विचारले, तिसऱ्यांदाही विचारले. नंतर त्याने खाली वाकून दोर सोडला.

बाळंतीण वाचली. पंधरवडाभरात पाणी इतके उतरले, की नदीतल्या सगळ्या मोठ्या नावा त्या एका खुंट्यापाशी येऊन लागल्या. सगळ्या व्यापाऱ्याच्या होत्या. येसू परतला आणि पोटासाठी त्यातल्याच एका नावेवर वल्हे मारू लागला. भिवा वखारीत पोती वाहू लागला. तो धाकट्याला एक वावगा शब्द बोलला नाही. चांगलाही नाही. शिवी दिली असती तर बरे झाले असते.

माघात एक दिवस भिवा नदी ओलांडून वृद्धाकडे आला. पट ओट्यावरच होता. मधल्या घरातल्या आपल्या सोंगट्यांकडे त्याने पाहिले. मग विचारले, "बाबा, येसूनं जुग फोडलं ना?"

"नाही," वृद्ध म्हणाला. "त्याला एकच चाल उरली होती, ती तो खेळला. बाकीच्या तुम्ही दोघांनी मिळून आधीच खेळून टाकल्या होत्या. ज्या दिवशी तू मला गूळ आणलास, त्या दिवशी."

भिवाने एक पिकलेली सोंगटी उचलली, हातात फिरवली आणि होती तिथेच ठेवली. वृद्धालाही आता पलीकडे जायचे झाले, तर व्यापाऱ्याच्या नावेची वाट पाहावी लागत होती.

परतीच्या नावेवर योगायोगाने येसूच होता. शेजारच्या वल्ह्यावर, जिथे त्यांच्या स्वतःच्या नावेत भिवा बसायचा, तिथे कुणी अनोळखी गडी होता. भिवा समोर बसला. अर्धी नदी गेली तेव्हा त्याने पाण्याकडे बघत विचारले, "पोराचं नाव काय ठेवलं?"

"बारसं केलंच नाही अजून, दादा," येसू म्हणाला. "तू येशील म्हणून थांबलो."

पोर आता मान सावरू लागले असेल, आणि आपण त्याचे तोंडही पाहिलेले नाही, हे भिवाच्या ध्यानात आले. नाव खुंट्याला लागली. तिथे आता दोराऐवजी साखळी होती. उतारू उतरले, भिवाही उतरला. येसूला लगेच परतीचा फेरा होता. मालकाच्या नावेला थांबता येत नाही.

सर्वस्व पणाला लावून वाट पाहणाऱ्याचे लोक कौतुक करतात. तुम्ही त्याला आधी एवढेच विचारा, की तुझ्या हातात दुसरी चाल काय आहे.